पाचवी ओळ, अकरावी जागा

“मेलेला माणूस जागा सोडून कुठे जाणार आहे?” हे शिंपीमामांनी पहिल्या शनिवारी चर्चच्या कचेरीतल्या कारकूनबाईंना ऐकवलेलं वाक्य. तेव्हा बाई हसल्या होत्या. आता तिसरा शनिवार, आणि मामा खुर्चीत पाच मिनिटंही टिकत नव्हते. उठायचे, खिडकीशी जायचे, परत दफनाच्या वहीवर वाकायचे.

घरी मामांची मोठी बहीण, ताई, अंथरुणाला खिळलेली. डॉक्टर आता महिन्यांत बोलत नव्हते, आठवड्यांत बोलत होते. तिचा एकच हट्ट, मला आजोबांजवळ ठेवा. आईबाप गेल्यावर त्यांनीच तिला वाढवलं. मामा तेव्हा रांगत होते. आजोबांना पुरून ही दोघं मावशीकडे परगावी गेली. वीस वर्षांनी परतली तोवर आजोबांच्या कबरीवरचा लाकडी क्रॉस मातीत गेला होता. जुन्या दफनभूमीत आता नव्यांना जागा नाही. घरच्या माणसाची कबर वहीतून दाखवली तरच तिच्यात पुरायची परवानगी.

वहीला ना अनुक्रमणिका, ना धड अक्षर. जुन्या फादरांनी माणसं तारखेनं लावलेली. नाव, वय, धंदा, कारण, ओळ, जागा. ताप. बाळंतपण. ताप. बुडून. मामांचं बोट खाली खाली सरकत होतं. दुपारी ते थांबलं. नाव आजोबांचं. सुतार, वय एकसष्ट. पाचवी ओळ, अकरावी जागा.

मामांनी दफनभूमीच्या फाटकापासून दोनदा मोजलं. अकराव्या जागी नुसतं गवत. चार कोपऱ्यांना खुंट्या ठोकून ते घरी धावले.

ताई रडली वगैरे नाही. “माझा निळा झगा बाजूंनी आत घे,” म्हणाली. “त्यात आता माझ्यासारख्या दोघी मावतील.” त्या रात्री ती शांत झोपली.

मंगळवारी अर्ज भरताना कारकूनबाई थबकल्या. “मामा, मोजलंत कुठल्या फाटकापासून?”

“एकच तर आहे.”

“आता एकच. रस्ता रुंद केला तेव्हा मागचं बुजवलं. जुन्या वह्या तिकडून मोजतात.”

तिकडून मोजलं तर अकराव्या जागी एका बेकरीवाल्याचा काळा दगड. दगड नसलेली जागा पंधरा वर्षांनी दुसऱ्याला देत. पुढच्या वहीत तशी नोंदच होती. ती वही मामांनी उघडलीच नव्हती. आपला माणूस सापडल्यावर पुढचं कोण बघतं? आणि खुंट्यांमधलं गवत होतं दोन महिन्यांच्या एका बाळाचं; बाळांच्या जागा तेवढ्या दुसऱ्या कुणाला देत नसत. नावाच्या रकान्यात रेघ.

“गवताचाच अर्ज भरा,” बाई हळूच म्हणाल्या. “साठ वर्षांत त्या बाळाला कोणी विचारायला आलं नाही. ताईंना काय कळणार?”

मामांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. ‘धुतल्यावर नीट बसेल’ असं खोटं त्यांनी शिवणकामाच्या चाळीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकाला सांगितलं नव्हतं. अर्ज कोराच राहिला.

घरी ताई उशीला टेकून बसली होती. “झालं काम?”

मामांनी सगळं सांगून टाकलं, एका दमात, खाली बघून.

ताईनं विचारलं, “तूच मोजलंस ना?”

“हो, ताई.”

“म्हणजे तीन दिवस मी फुकटच मरायला तयार झाले होते.”

 मामांनी पायांत चपला सरकवल्या आणि बाळाच्या जागेवरच्या खुंट्या उपटायला ते बाहेर पडले.