टिकारामची टाळी

टिकाराम गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्याच नावानं बोटं मोडत बसलो होतो. माझ्या लेकीच्या लग्नाचं शूटिंग तीन कॅमेऱ्यांतून त्यानंच केलं होतं आणि तिन्ही चित्रं एकमेकांशी जुळत नव्हती. माणूस गेला की लोक गोड बोलू लागतात... मला ते जमत नाही.

गोंदियातला व्हिडिओ स्टुडिओ आम्हा दोघांचा. कॅमेरे सुरू झाले की हा मांडवाच्या मधोमध उभा राहून, हात डोक्यावर नेऊन एक टाळी वाजवायचा. नंतर तिन्हीकडे ती टाळी शोधायची आणि तिथून चित्रं जोडत जायची. नवरीला हळद लागत असो की तिची आई रडत असो, हा मध्ये शिरणारच. गिऱ्हाईक वैतागायचं, हा ढिम्म. शेवटी मी चित्रातली हालचाल स्वतःच ओळखून कॅमेरे जुळवणारा प्रोग्राम आणला. तिरोड्याच्या पहिल्याच लग्नात त्या प्रोग्रामनं मला तोंडघशी पाडलं. अक्षता प्रत्येक मंगलाष्टकाला उडतात, त्याला सगळ्या सारख्याच दिसल्या. एका कॅमेऱ्यात अंतरपाट धरलेला, तर दुसऱ्यात हार गळ्यात! मी ते दुरुस्त करेपर्यंत टिकारामनं गावभर बोभाटा केला होता. ते मी अजून विसरलेलो नाही.

लेकीच्या लग्नात मी बाप म्हणून मांडवात, कॅमेरे त्याच्याकडे. टाळी वाजव म्हणालो, तर म्हणतो, "कायले? तुह्या कॉम्प्युटरले डोळे हायेत ना? त्यालेच विचार." लेकीचं लग्न काय परत लागणार होतं? त्या दिवसापासून मी बोलणं टाकलं. थोड्याच दिवसांत त्याला हार्ट अटॅक आला. भांडणसुद्धा अर्धवट टाकून गेला, हलकट.

तेरवी झाल्यावर तिन्ही चित्रं जुळवायला पुन्हा बसलो. प्रोग्राम अक्षतांतच अडकलेला. मग एकदाच घडलेली आणि तिन्हीकडून दिसणारी हालचाल मीच शोधू लागलो. अंतरपाट खाली आला, लेकीनं हार उचलला... आणि टिकाराम तिच्यापुढे येऊन उभा. मी तेव्हा पाहुण्यांच्या गराड्यात, मला हे दिसलंच नव्हतं. आधी अडून बसलेला, तेव्हाच काय सुचलं कोण जाणे. हात डोक्यावर, एक टाळी. ती टाळी प्रोग्रामला दाखवून दिली तसं सगळं लग्न जुळलं. फक्त समोरच्या कॅमेऱ्यात लेकीच्या चेहऱ्याऐवजी त्याची पाठ.

तेवढा तुकडा कापतो, असं मी लेकीला म्हणालो.

"काऊन कापता जी? राहू द्या काकाले."

राहू दिला. पण तो भाग आला की मी दरवेळी ओरडतोच, बाजूले हो टिकाराम, माही पोरगी दिसून नाही राहिली.