खाऱ्या जमिनीतला लाल माठ

वाशीला राहायला आलो तेव्हा आमच्या बिल्डिंगमागे एक मोकळा तुकडा होता. खाडीत भराव घालून केलेली जमीन. उन्हाळ्यात तिच्यावर मिठाचा पांढरा पापुद्रा धरायचा. सोसायटीच्या सेक्रेटरींना तिथे सिमेंट ओतून स्कूटरी लावायच्या होत्या. मला भाजी लावायची होती. वार्षिक सभेत मी उभी राहून दोन वर्षांची मुदत मागितली. तोवर जमीन हिरवी झाली नाही तर खुशाल सिमेंट ओता, त्यावर पाणी मी मारीन, म्हटलं.

"वहिनी, इथे गवत उगवत नाय," सेक्रेटरी म्हणाले. "आणि भाजी आलीच, तर मीठ न घालता करता येईल!"

सभा हसली, पण मुदत मिळाली.

मी वाफे आखले. मेथी, मुळा, कोथिंबीर, लाल माठ. मेथी पिवळी पडून गेली, मुळा नि कोथिंबीर वर आलीच नाहीत. माठाची बहुतेक रोपं करपली, पण काही तगली. पुडी एक, माती एक, पाणी एक. मग ही का उभी? एकाच आईच्या मुलांत एकाला दूध पचतं, दुसऱ्याला नाही, तसाच रोपारोपांतही फरक असणार. तो फरक बियातून पुढे जात असेल, तर ह्या तगलेल्यांच्या पोटी खार सोसणारी रोपं जास्त निघतील. उत्क्रांती मी शाळेत जिराफाच्या मानेवरून शिकले होते. ती वाफ्यात करून बघायला काय हरकत होती?

हरकत माणसांची निघाली. तळमजल्यावरच्या शेजारीणबाई एका सकाळी नेमकी तीच जोमदार रोपं उपटायला वाकल्या.

"अहो, ती ठेवा! ती बियाला हवीत."

"मग खायचं काय? ही मरतुकडी?"

"मरतुकडीच खा."

"बाई गं, पाहुण्यांनापण असंच वाढतेस काय?"

पण त्या मागे सरल्या. सगळे असंच करत असणार, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. चांगलं ते कढईत जातं आणि बी धरायला उरतात रडकी रोपं. मी नियमच केला: अशक्त रोप भाजीला, दणकट रोप बियाला. तुरे वाळले की झाडून बी काढायचं, तेच पुन्हा पेरायचं. दर पेरणीला वाफा थोडा जास्त भरत गेला.

मुदत संपत आली तसे सेक्रेटरी बघायला आले. "पावसाने मीठ धुऊन नेलं, वहिनी. तुमच्या बियाचं काय त्यात?"

शंका रास्त होती. धुतलं गेलेलं मीठ आणि बदललेलं बी, दोन्ही एकाच वाफ्यात दिसत होतं. म्हणून मी एका नव्या वाफ्यात मधोमध दोरी ताणली. डावीकडे बाजारातलं ताजं बी, उजवीकडे माझं. पेरणी एकाच दिवशी.

"आणि पाणी? तुमच्या बाजूला तुम्ही जास्त घालाल," ते म्हणाले.

"तुम्हीच घाला."

त्यांनी खरंच घातलं. ऑफिसला जाण्याआधी, लुंगी खोचून, दोन्ही बाजूंना सारखं.

सभा त्या तुकड्यातच भरवली. दोरीच्या डावीकडे विरळ, पिवळट रोपं आणि मधे उघडी माती. उजवीकडे माती दिसतच नव्हती. लाल-हिरवी पानं एकमेकांवर चढली होती. कुणीतरी शिट्टी वाजवली.

"पावसाने अर्धाच वाफा धुतला काय हो?" शेजारीणबाईंनी सेक्रेटरींना विचारलं.

सेक्रेटरी दोन्ही बाजू निरखून आले. "पाणी मी सारखं घातलंय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "सिमेंटचा ठराव मीच मागे घेतो. स्कूटरी गेटजवळ लावू. तुकडा भाजीसाठी ठेवायचा. बोला, कोणाकोणाला मंजूर?"

सगळे हात वर गेले. मी हात खाली घेतला, खुरपं उचललं आणि टोमॅटोसाठी वाफा आखायला घेतला.