पूनमची राहिलेली चार मिनिटं

विनायकदादा गेल्याचं मला आमच्या विभागाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. 'अपूरणीय क्षति,' असं विभागाध्यक्षांनी लिहिलं होतं आणि खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. ज्या माणसानं दादाचं नाव अतिथी अध्यापकांच्या यादीतून काढलं, त्याचीच ही क्षती! मेल्या म्हशीला मणभर दूध. आणि मग मीही त्याच रांगेत दोन हात जोडून टाकले.

आम्ही दोघं दुर्गाघाटच्या एकाच मराठी गल्लीतले; गल्लीबाहेर सगळं शहर हिंदी बोलणारं. राज्यशास्त्राची गोडी मला त्यानंच लावली. एम.ए.ला असताना लिहिलेला माझा पहिला निबंध त्यानं घाटाच्या पायरीवर बसून पूर्ण ऐकला आणि एवढंच विचारलं, "शैले, हे तू पाहिलंस, की नुसतं वाचलंस?" पुढे मी कायम नोकरीला लागले आणि तो एकेका वर्षाच्या करारावर शिकवत राहिला. त्यावर जास्त लिहिलं तर माझंच तोंड कडू होईल.

विभागाची परिषद दरवर्षी भरते. उद्घाटन, शाली, फोटो यांत दीड तास सहज जातो. मुलांनी दोन-तीन वर्षं वणवण करून आणलेल्या संशोधनाला मात्र दहा मिनिटं, तीही बाहेर कचोऱ्या आल्या की रिकाम्या खुर्च्यांसमोर. वेळ मोजायचं काम कुणालाच नको असायचं, म्हणून ते दादाच्या गळ्यात. त्यानं ते मनापासून केलं. बड्या प्राध्यापकाचा लाडका विद्यार्थी असो की घाबरून कापणारी मुलगी, दहा म्हणजे दहा. एक मिनिट वर नाही आणि एक कमीही नाही.

एका वर्षी अशाच एका सत्राची अध्यक्ष मी होते. पूनम ही पीएच.डी.ची विद्यार्थिनी, दादाच्या हाताखाली तयार झालेली. तिचा विषय होता निवडून आलेल्या नगरसेविका आणि त्यांच्या जागी कारभार करणारे त्यांचे नवरे. पत्रिकेवर प्रमुख पाहुण्या म्हणून एका नगरसेविकेचं नाव होतं, पण आले त्यांचे यजमान. पाटीवर बाईंचं नाव, पाटीमागे हे. शालही ह्यांनीच घेतली, आणि आम्हा राज्यशास्त्राच्या विद्वानांपैकी एकालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. सहाव्या मिनिटाला पूनम म्हणाली, "कुर्सी पत्नी की होती है, बैठते पति हैं." मागे कुणीतरी फिसकन हसलं. लगेच विभागाध्यक्षांची चिठ्ठी माझ्या हातात आली, 'बंद कराइए.' मी अध्यक्षांच्या टेबलावरची घंटी दाबली.

दादा उभा राहिला. भर सभागृहात, आमच्या घरच्या बोलीत म्हणाला, "शैले, टाइम बाकी आहे तिचा. पूरे चार मिनट." मी त्याच्याकडे पाहिलं नाही. "धन्यवाद पूनम, अगला पेपर," म्हणाले.

जेवताना विभागाध्यक्ष म्हणाले, "अच्छा सँभाला आपने." त्या शाबासकीची मला आजही किळस येते. त्याहून जास्त किळस याची येते, की तेव्हा ती ऐकून बरं वाटलं होतं.

पुढच्या वर्षी दादाचा करार झाला नाही. ते ठरलं त्या बैठकीत मी मूग गिळून बसले. त्यामुळे तो गेला असं मी म्हणणार नाही, हृदय त्याचं आधीच अधू होतं. मला मात्र तो त्याबद्दल एका शब्दानंही बोलला नाही.

तेराव्यानंतरच्या रविवारी मी त्याच्या घरी गेले. "वर जा, मुलं आलीयेत," दादाच्या पत्नी सुनंदावहिनी म्हणाल्या. नोकरी गेल्यावर दादानं आपल्या खोलीत रविवारचं वाचन सुरू केलं होतं. संशोधन करणारी मुलं यायची आणि एकमेकांना आपलं लिखाण ऐकवायची. तो गेल्यावरही ती येत होती. वाचत होती पूनम. मला पाहून थबकली, मग पानं उलटून पहिल्यापासून वाचू लागली.

या वेळी मी शेवटपर्यंत ऐकलं. उरलेल्या भागात नवरे नव्हतेच. तिथे त्या बाया स्वतः बोलत होत्या. एकीनं नवरा परगावी असताना सभेत जाऊन गल्लीसाठी नळ मंजूर करून घेतला होता. परत आल्यावर नवऱ्यानं विचारलं, कुणाला विचारून गेलीस? घंटी दाबून मी गप्प केलं होतं ते या बायांना.

"हे पुढच्या परिषदेत पुन्हा वाच," मी म्हणाले.

"पढ़ूँगी, मैडम," पूनम म्हणाली. "अध्यक्ष आप रहेंगी?"

विभागाध्यक्ष अजून तेच आहेत. चहा घेऊन वर आलेल्या वहिनी कप पुढे करून माझ्याकडे बघत राहिल्या... मी चहा प्यायले, आणि हो न म्हणताच जिना उतरले.