गुळाच्या डब्यातल्या लाल गोळ्या

आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला शहाणी समजणार नाही. नवऱ्याला छातीच्या दुखण्यावर सहा महिने घ्यायला दिलेल्या लाल गोळ्या मी दोन महिन्यांत बंद केल्या आणि उरलेल्या गुळाच्या डब्यात जपून ठेवल्या. पुन्हा खोकला आला तर घरात असाव्यात म्हणून! तेव्हा वय अठ्ठावीस, अक्कल बेताची आणि कमरेला किल्ल्यांचा हा एवढा जुडगा.

तो डबा माझ्याबरोबर रहिमतपूरहून आलेला. लग्न होऊन निघाले तेव्हा स्टेशनवर सगळी रडत होती. मी मात्र खिडकीची जागा पकडून, माधवनगर केवढं मोठं असेल याच विचारात. आईनं खिडकीतून डबा आत सरकवला. "डब्यात कायम काहीतरी शिल्लक ठेव गं. रिकामा डबा उघडायची पाळी येऊ देऊ नकोस." आयुष्यात तिचं एवढं एकच नीट ऐकलं, आणि तेच नडलं.

माधवनगरला हे मिलमध्ये सूतखात्यात होते. पाळी संपवून यायचे ते भुवया पांढऱ्या करून. आमच्या गल्लीत घरोघरी खोकला होता आणि घरोघरी त्यावर एकच औषध, जेवण झालं की गुळाचा खडा. गुळानं घशातला कापूस खाली उतरतो, ही आमची डॉक्टरकी. त्यामुळे दवाखान्यात टीबी म्हणाले तेव्हा मला ते पटलंच नाही. कापसाचा खोकला तो, डॉक्टरला काय कळतंय, तो कुठं कधी सूतखात्यात राबलाय? गोळ्यांनी दोन महिन्यांत खोकला थांबला, ह्यांच्या अंगावर जरा मांस दिसू लागलं. गोळीनं लघवी लाल होते म्हणून ह्यांनाही ती नकोशीच, तरी एकदा विचारलं, "अगं, गोळ्या कुठं हायत?"

"खोकला कुठं हाय तुमाला? गूळ खावा गप."

पुढच्या वर्षी खोकला परत आला. मी मोठ्या ऐटीत डबा उघडला. गुळाला चिकटलेल्या गोळ्या सोडवल्या, पुसल्या आणि मीठ घालावं तशा चिमटीनं देऊ लागले. बरं वाटलं की बंद, खोकला की पुन्हा एक. मग एकदा ह्यांच्या टॉवेलवर रक्त दिसलं. मिरजेला नेलं. तिथं त्याच लाल गोळ्या दिल्या, पण आता त्या लागू पडेनात. पुढची संक्रांत ह्यांनी बघितली नाही.

"मिलच्या कापसानं खाल्लं," गल्ली म्हणाली. मीही तेच म्हणाले. मुलाला तेच सांगितलं, सुनेला तेच, नातीलाही तेच.

सहा वर्षांपूर्वी मुलगा मला बंगळूरला घेऊन आला. मिरज स्टेशनवर या खेपेला मी रडले, आणि माझ्यासोबत रडायला कुणी नव्हतं. आता चौदाव्या मजल्यावर राहते. लिफ्टमध्ये शेजारणीला गुड मॉर्निंग ठोकते. भाजी ॲपवरून येते. गूळ मात्र अजून त्याच डब्यात.

नात रेवा लॅबमध्ये आहे. काय करतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, "आजी, आम्ही पिठापेक्षाही बारीक गोळे बनवतो. टाक्यांचा धागा अंगात आपोआप विरघळतो ना, तसे विरघळणारे. आत अँटिबायोटिक भरायचं आणि श्वासाबरोबर थेट फुप्फुसात सोडायचं. जंतू ज्या पेशींत लपून बसतो, त्याच पेशी हे गोळे गिळतात. मग आतल्या आत औषध रोज थोडं थोडं सुटत राहतं."

"म्हणजे घरच्या बाईला ते डब्यात लपवता यायचं नाही!"

रेवा खळखळून हसली. तिला वाटलं, आजीची गंमत.

यंदा पाऊस सरला आणि मला खोकला लागला. मी काय केलं असेल? गूळ खाल्ला. मग वजन उतरलं, संध्याकाळी अंग तापू लागलं, तेव्हा रेवानंच मला तपासायला नेलं. टीबी निघाला. वर हा जंतू लाल गोळीला दाद देत नाही, असा रिपोर्ट. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पूर्वी घरात कुणाला होता का? जुना जंतू छातीत वर्षानुवर्षं झोपून राहतो."

"नाही," माझ्या वतीनं रेवाच म्हणाली, "आजोबा मिलच्या कापसानं गेले."

काय शिल्लक ठेवलं होतं आणि कुठं, ते मला तेव्हा कळलं.

परतताना टॅक्सीत विचारलं, "तुझे ते गोळे माझ्या कामाचे नाहीत का गं?"

"अजून उंदरांवरच चाललंय, आजी. माणसांपर्यंत यायला खूप वर्षं लागतील."

"म्हणजे रांगेत मी उंदरांच्या मागं!"

या वेळी ती हसली नाही.

रहिमतपूरच्या, माधवनगरच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून लांब जाऊन बसलेल्यांनो, तुम्ही फोनवर विचारता, घर आठवतं का? मी दोनदा घर सोडलं असं समजत होते. पण ती गल्ली बिनतिकिटाची माझ्या छातीत बसून इथवर आली. चाळीस वर्षं हूं की चूं केलं नाही तिनं. घर मला आठवतं की नाही ते सोडा, घर मला विसरलेलं नाही. तुमच्याही डब्यांत काय उरलंय ते आजच बघा.

काल दुपारी सगळ्या खिडक्या उघडल्या, तोंडाला मास्क बांधला आणि रेवाला समोर बसवून डब्यासकट सगळं सांगितलं. म्हटलं, आता ओरडेल, ओरडू दे. ती ओरडली नाही. तिनं डबा स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाली,

"आजी, उद्या माझाही एक्स-रे काढू. महिना झाला मला खोकला आहे, तुझ्यासमोर दाबून धरते. मला वाटलं, लॅबमधली पावडर घशात जात असेल, म्हणून मी तुझ्या डब्यातला गूळ खात होते."