छाटणीच्या आधी परत

निघायच्या दिवशी मुंबई विमानतळाबाहेर अप्पांनी माझं ऑफर लेटर पुन्हा मागून घेतलं आणि त्यातल्या एका शब्दावर बोट ठेवलं. "वाइन म्हणजे दारूच ना?"

"अप्पा, माझं काम लॅबमध्ये आहे."

"प्यायल्यावर चढते ना? मग झालं."

निफाडला तीन एकर द्राक्षबाग, एकुलती एक मुलगी, आणि ती कॅलिफोर्नियाला दारू करायला निघालेली. आशीर्वाद दिला त्यांनी, पण मनापासून नाही.

त्याला पंधरा वर्षं झाली. इथे सकाळी समुद्रावरून धुकं येतं, दहाला लख्ख ऊन पडतं, दुपारी गार वारा सुटतो. वाइनची द्राक्षं त्यावरच पोसतात. आई गेल्यावर अप्पा एकटे पडले, म्हणून गेल्या वर्षी हार्वेस्टच्या, म्हणजे इथल्या द्राक्षतोडणीच्या आधी त्यांना बोलावलं. तिकीट सहा महिन्यांचं. बाग विकून त्यांनी माझ्याकडेच राहावं, असं माझ्या मनात होतं. बोलायचा धीर होत नव्हता.

त्यांना इथलं काहीच पटेना. उरलेल्या घडांत गोडी उतरावी म्हणून आमचा मुकादम लुइस हिरवे घड कापून खाली टाकत होता. अप्पा म्हणाले, "चांगला माल कोण फेकतं? काहीतरी लपवतायत." वेलींचं पाणी मुद्दाम तोडलंय म्हटल्यावर ते ओळीओळीतून लपवलेली ठिबकची नळी शोधत फिरले. वाइनच्या टेस्टिंगला रीतीप्रमाणे मी घोट तोंडात घोळवून बादलीत थुंकले, तर घरी येऊन म्हणाले, "माझ्यासमोर थुंकलीस." मला हसू आलं आणि रागही.

मग एका सकाळी टेबलावर त्यांच्या ग्रीन कार्डाचा फॉर्म त्यांना दिसला.

"सहा महिन्यांचं तिकीट पाहिलं तेव्हाच ओळखलं. बाग विकायला काढायची आहे ना तुला?"

हा संशय मात्र खरा होता. मी "हो" म्हटलं.

"ऑक्टोबर छाटणीला मी घरी पाहिजे. तिकीट बदल."

"कुणासाठी ठेवताय ती बाग?" मी चिडून विचारलं.

"तू परत आलीस तर?"

मी तिकीट बदललं आणि अप्पा छाटणीच्या आधी परत गेले. मी परत जाणार नाही. हे त्यांनाही ठाऊक असावं, असा मला दाट संशय आहे. जे माझ्यासारखे निघून आलात, त्यांना हे वेगळं सांगायला नको. जे तिथेच राहिलात, त्यांना कदाचित आधीच कळलं असेल.

छाटणी झाली की मी फोन करते. बाग कशी फुटली विचारते. "चांगली," म्हणतात. कुणासाठी, हे मी विचारत नाही; परत कधी येतेस, हे तेही विचारत नाहीत. माझं घर आता या न विचारण्यावरच उभं आहे.