इकडे पाह गा

आमच्या घरी साहेबाचा कुत्रा आला तो मामंजींच्या मानासाठी, आणि गेला तोही मानासाठीच. मधल्या काळात तो माझा होता, पण ते त्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही.

मामंजी म्हणजे माझे सासरे. सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांचा गोरा साहेब कायमचा विलायतेला निघाला तेव्हा त्यानं घोडा विकला, टेबलखुर्च्या लिलावात काढल्या. कुत्र्याला गिऱ्हाईक मिळेना, तो मामंजींना बक्षीस दिला. नको असलेली वस्तू साहेबानं दिली की तिला बक्षीस म्हणत. मामंजी त्याला टांग्यात शेजारी बसवून सिव्हिल लाइन्समधून महालात, म्हणजे आमच्या जुन्या वस्तीत, घेऊन आले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रावसाहेबकी मिळाल्याचा आनंद होता.

कुत्रा पांढरा होता. एका डोळ्यावर तपकिरी डाग, आणि शेपूट पिल्लू असतानाच छाटलेलं. बंगल्याच्या कुंपणात वाढलेला, उन्हाळ्यात साहेबाबरोबर पचमढीला जाणारा. माणसं त्यानं भरपूर पाहिली होती, पण दुसरं कुत्रं बहुधा कधी जवळून पाहिलंच नव्हतं. आणि आमच्या गल्लीत तर माणसांपेक्षा कुत्रीच जास्त.

पहिल्याच संध्याकाळी मामंजी कोट-टोपी घालून त्याला शुक्रवारी नावाच्या तलावाकडे फिरायला घेऊन निघाले. गल्लीचं तोंड येईपर्यंत सगळं राजेशाही चाललं. मग एक मरतुकडी कुत्री समोर आली आणि साहेबाचा कुत्रा किंचाळायला लागला. भुंकणं नव्हेच ते. दोन पायांवर उभा राहून दोरीला हिसके देत, तोंडाला फेस. मामंजींची टोपी पडली, आणि ओट्यावर बसलेल्या मंडळींना महिनाभर पुरेल एवढं हसू मिळालं. असं चारसहादा झालं. एकदा त्यानं शेजाऱ्यांच्या कुत्र्याचं नरडंच धरलं, तेव्हा मामंजींचा मान आणि राग समोरासमोर आले.

"दिवाळीपावेतो सुधारला तर ठीक," ते ओसरीवर म्हणाले. "नाही तर कमिटीच्या गाडीत टाकतो. मंग साहेबाचा असो की लाटसाहेबाचा."

कमिटीची गाडी म्हणजे म्युनिसिपालिटीची, गजांचा पिंजरा लावलेली बैलगाडी. तीत गेलेलं कुत्रं परत आल्याचं कुणी पाहिलं नव्हतं.

त्याला सुधारायचं कुणी? सासूबाईंच्या सोवळ्यात कुत्रं बसत नव्हतं. माझे यजमान वडिलांसमोर खोकतसुद्धा नसत. मग सासूबाईंनीच तोड काढली. "इचंच काम आहे ते. लेकरू ना बाळ, दिवसभर रिकामीच राहते." लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. मी पहाटेपासून चार बायकांचं काम करत होते, तरी रिकामीच. कुत्रं माझ्या पदरात पडलं ते असं.

मी मूळची काटोलकडच्या खेड्यातली. माझ्या माहेरी एक बैल होता, मोटारीला बुजायचा. मोटार दिसली की गाडी शेतात घाली. वडील त्याला मारत नसत. सडकेपासून लांब, जिथून मोटार नुसती दिसेल तिथे त्याला उभा करत आणि मोटार दिसली की सरकीची ओंजळ तोंडाशी धरत. रोज थोडं सडकेकडे सरकत. पुढे पुढे मोटारीचा आवाज आला की तो बैल वडिलांच्या हाताकडे बघायचा. कुत्र्याचे डोळे मी पाहिले तेव्हा मला तोच बैल दिसला. हा चावरा नव्हता हो, हा भ्यालेला होता. शेपूट नाही, कुत्र्यांची रीतभात ठाऊक नाही, म्हणून दुसऱ्यानं काही करायच्या आत आपणच अंगावर जायचं. असली माणसंही मी त्या घरात पाहिली होती.

आमच्या परसामागे उकिरडा होता आणि गल्लीतल्या कुत्र्यांचं बस्तान तिथेच. मी त्याला परसाच्या पार अलीकडच्या कोपऱ्यात, विहिरीपाशी घेऊन बसायची. ओच्यात ज्वारीच्या भाकरीचे तुकडे. परसाच्या मागच्या दारातून एखादं कुत्रं दिसलं की याचे कान उभे राहत, अंग ताठ होई. तो भुंकण्याच्या आत मी हळूच म्हणायची, "इकडे पाह गा," आणि त्यानं मान वळवली की तुकडा तोंडात. बस, एवढंच. उशीर झाला की सगळं मुसळ केरात. किंचाळणं सुरू झाल्यावर त्याला भाकरही दिसत नसे आणि मीही.

सासूबाई दारातून बघत. "काहून वं, कुत्र्याले गा म्हणून राहिली? दीर लागते का तुया?"

आमच्याकडे गा म्हणतात ते बरोबरीच्या पुरुषाला. नवऱ्याला चारचौघांत हाक मारायची सोय नव्हती, मामंजींशी बोलायचं तर सासूबाईंमार्फत. सगळ्या घरात मोकळेपणानं गा म्हणावं असा पुरुष मला तो एकच होता.

"कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच," असंही त्या म्हणत. याला तर शेपूटच नव्हतं. मी मनातल्या मनात हसायची, कारण मोठ्यानं हसायची पद्धत नव्हती.

पावसाळाभर आम्ही विहिरीपासून मागच्या दाराकडे सरकत गेलो. कधी चार दिवस नीट जात आणि पाचव्या दिवशी कुणी मूर्ख उकिरड्यावर दगड भिरकावी, कुत्री कोकलत धावत येत, की आम्ही पुन्हा विहिरीपाशी. मला रडू येई. पण भादव्यात एकदा एक काळं कुत्रं अगदी दाराशी येऊन उभं राहिलं. मी बोलायच्या आत यानं त्याच्याकडे पाहिलं, आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. आपणहून. जणू विचारत होता, हे बघितलं, आता पुढे काय? मी ओच्यातली सगळी भाकर त्याला दिली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवून खूप वेळ बसून राहिले. मला एवढं कुणी कधी विचारलं नव्हतं.

दिवाळीला मामंजी त्याला घेऊन तलावापर्यंत जाऊन आले. मी त्यांच्या खिशात भाकरीचे तुकडे घालायला सासूबाईंकडून पाठवले होते. कुत्रं दिसलं की तो मान वर करून मामंजींकडे पाही आणि त्यांना वाटे हा सलाम आहे. परत आल्यावर ओट्यावरच्या मंडळींना म्हणाले, "साहेबाचा कुत्रा आहे. शिस्त याच्या रक्तातच राहते." आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला ते कचेरीतच शिकले होते. मला त्याचंही काही वाटलं नाही. तो वाचला, एवढं मला पुरे होतं.

पण मामंजींना बढती हवी होती. जोशीबुवांनी पत्रिका पाहून सांगितलं की शनी आडवा आहे. काळभैरवाची अष्टमी जवळ आलीच आहे, कुत्रं हे भैरवाचं वाहन, तेव्हा कुत्र्यांना जेवू घाला. लोक त्या दिवशी गल्लीतल्या कुत्र्याला पोळी टाकतात, तसं करून भागलं असतं. पण हेडक्लार्काचं पुण्यही चारचौघांत दिसायला हवं. समोरच्या अंगणात गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांची पंगत घालायची, पत्रावळीवर पुऱ्या आणि जिलेबी वाढायची, आणि मधे, पाटावर, हार घालून आपला कुत्रा बसवायचा, असं ठरलं.

मी सासूबाईंना सांगितलं, "त्याले त्यांच्यात नका बसवू. लांबून पाहणं वेगळं आणि पत्रावळीले पत्रावळ लावून बसणं वेगळं. खाण्यावरून शहाणी कुत्रीही भांडतात."

त्यांनी ते आत जाऊन सांगितलं. मामंजींचा आवाज बाहेरपर्यंत आला. "देवाच्या कार्यात कायचं भांडण? इले म्हणा, पुऱ्या लाट."

पुऱ्याही मला लाटता आल्या नाहीत. आदल्या संध्याकाळी मी बाजूला बसले. म्हणजे महिन्याचे ते दिवस, परसातल्या पडवीत, घोंगडीवर, ताट लांबून सरकवलेलं. त्या दिवसांत मला शिवायची मुभा घरात फक्त त्यालाच होती. तो रात्रभर माझ्या पायांशी निजला. सकाळी मामंजी सोवळ्यानं आले आणि मला शिवला म्हणून त्याच्यावर दोन घागरी पाणी ओतून त्याला शुद्ध केला. मग कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला आणि पुढे घेऊन गेले. कुत्रं शुद्ध झालं. मी पडवीतच होते.

परसातून समोरच्या अंगणात जायला घराच्या कडेनं एक बोळ होता. मी त्याच्या तोंडाशी उभी राहून पाहिलं. तो पाटावर ओलाचिंब कुडकुडत बसला होता. गल्लीतली कुत्री पुऱ्यांच्या वासानं आत आली. त्यानं पहिल्याकडे पाहिलं आणि मान वळवली. तिथे मी नव्हते. मग दुसरीकडे वळवली. मामंजींनी दोरीला हिसका दिला, "समोर पाह!" तरी त्यानं तिसऱ्यांदा मान वर करून मामंजींकडे पाहिलं. त्यांनी हात जोडले होते आणि डोळे मिटले होते.

तेवढ्यात त्या काळ्या कुत्र्यानं त्याच्या पत्रावळीत तोंड घातलं.

पुढचं सगळ्यांना दिसलं. पत्रावळी उधळल्या, काळ्याचा कान फाटला, मामंजी मधे हात घालायला गेले आणि तो हात दातांत सापडला. मी धावत अंगणात गेले आणि ओरडले, "इकडे पाह गा!" त्यानं तत्क्षणी सोडलं आणि येऊन माझ्या लुगड्याला अंग चिकटवून उभा राहिला.

हे कुणी पाहिलं नाही. त्यांनी पाहिलं ते असं की विटाळशी बाई देवाच्या पंगतीत आली. सासूबाई कपाळ बडवत म्हणाल्या, "इचीच सावली पडली, म्हणून झालं!" आमचे यजमान खांबाला टेकून उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली, पण दुसरीकडे.

त्या दिवशी मी मामंजींशी पहिल्यांदा सरळ बोलले. म्हटलं, "त्याची चूक नाही. तो तुमच्याकडेच पाहत होता."

हाताला फडकं गुंडाळत ते म्हणाले, "कुत्र्यासाठी सासऱ्यापुढे तोंड उघडून राहिली तू?" आणि कमिटीत निरोप धाडला.

गाडी मागच्या गल्लीत आली तेव्हा मी अजून बाजूलाच होते. माणसांनी दोरीचा फास टाकून त्याला नेलं. त्यानं काही केलं नाही. पिंजऱ्यात गल्लीतली पाचसहा कुत्री आधीच कोंबलेली होती, दात विचकून एकमेकांवर जात होती. त्याला त्यांच्यातच ढकललं. मला वाटलं, आता फाडतील एकमेकांना. तो गजांना पाठ लावून उभा राहिला, त्यानं त्या कुत्र्यांकडे पाहिलं, आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. वाट पाहत राहिला. माझ्या ओच्यात काही नव्हतं. त्या दिवसांत बाईनं भाकरीच्या टोपलीला हात लावायचा नसतो. गाडी वळेपर्यंत तो तसाच पाहत होता.

मामंजींना बढती मिळाली. भैरव पावला, असं घरात ठरलं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा पंगत. गल्लीत कुत्री नवी झालीच होती. त्या वर्षी मी बाजूला नव्हते, म्हणून वाढायचं काम माझ्याकडे आलं. मी एकेका पत्रावळीवर पुरी ठेवत गेले. कुत्री हावरटासारखी खात होती. एकानंही मान वर करून माझ्याकडे पाहिलं नाही.