रिकाम्या वखारीचा वास

संध्याकाळ झाली की आमच्या गल्लीत पिकलेल्या केळ्यांचा वास येतो. पितांबर कामावरून घरी आला, एवढाच त्याचा अर्थ. भुसावळच्या रस्त्याला हीरालाल शेठची केळी पिकवायची वखार आहे आणि पितांबरचं सगळं आयुष्य त्या वखारीत गेलं. तो वास त्याच्या सदऱ्यात, केसांत, सायकलच्या सीटमध्येसुद्धा मुरला आहे. पूर्वी मला त्याचं काही वाटत नसे. आता पितांबर ओट्यावर येऊन बसला की मी बोलता बोलता थांबतो आणि त्याचा श्वास ऐकतो.

असं का, ते सांगायचं तर त्याच्या मुलीविषयी लिहिलं पाहिजे. मला लिहिण्याची सवय नाही. वरणगावच्या फॅक्टरीत हजेरीपलीकडे माझ्या हातून फारसं काही लिहून झालं नाही. पुढे शास्त्राचं जे येईल ते तिनेच मला समजावलेलं आहे. त्यात काही चुकलं तर ती माझ्या समजण्यातली चूक धरावी.

संघमित्रा धुळ्याच्या एका कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवते. शनिवारी बसने जळगावला येते, रविवारी परत जाते. लहानपणी उन्हाळ्यात घरात पत्रा तापला की ती वडिलांच्या मागे वखारीत जायची आणि थंड चेंबरच्या बाहेरच्या खोलीत वही उघडून बसायची. शेठच्या पत्नी मोहनबाई तिला रोज ताक पाठवत. दहावीला ती चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा पेढे पितांबरच्या आधी मोहनबाईंनी वाटले.

तिच्या पीएचडीचा विषय होता ऑक्झॅलोअ‍ॅसेटिक आम्ल. गल्लीत ते नाव कुणाच्या जिभेला वळलं नाही. आमचा नळवाला लोटन तिला म्हणाला होता, "अ‍ॅसिडवर पीएचडी? मंग आमनी मोरी धोई दे ना पोरी."

"भाऊ, हे अ‍ॅसिड तुमच्या अंगात शे, म्हणून तर उभं राहून चेष्टा करताय," ती म्हणाली.

मग तिने बापाला आणि मला ते समजावलं, वखारीच्याच भाषेत. ट्रक दाराशी लागतो. माल आत न्यायला ढकलगाड्या मोजक्याच. गाडी भरून आत जाते, रिकामी होऊन परत दाराशी येते, तेव्हा पुढचा माल उचलला जातो. शरीरातली चरबी पेशीच्या भट्टीत न्यायची तर अशीच गाडी लागते. ती गाडी म्हणजे हे आम्ल. माणूस उपाशी राहिला की लिव्हर याच गाड्या दुसऱ्या कामाला लावतं, मेंदूसाठी साखर तयार करायला. इकडे चरबीचा माल मात्र येतच राहतो.

"मंग दारमाच सडी जाई," पितांबर म्हणाला.

"तसंच होतं, आबा. त्याचे कीटोन होतात. थोडे असले तर शरीर त्यांच्यावरच भागवतं, उपवासाला माणूस टिकतो तो त्यामुळेच. फार झाले तर रक्त आंबट होतं. श्वासाला वास येतो."

कसला वास, असं आम्ही दोघांनीही विचारलं नाही.

पुस्तकात हे सरळ लिहिलंय, पण गाड्या खरोखरच कमी पडतात का, हे मोजणं अवघड, असं ती म्हणायची. कारण हे आम्ल टिकत नाही. सकाळी केलेलं द्रावण बाहेर राहिलं तर दुपारी ते तेच उरत नाही, आपोआप मोडतं. मग धुळ्याच्या खाटकाकडून ती बकऱ्याची कलेजी कापल्याबरोबर बर्फात घालून लॅबकडे पळत आणायची. मोहनबाई जैन, म्हणून कलेजी कुठून येते, हे तिने त्यांना कधी सांगितलं नाही. त्यांनी एकदा विचारलं तेव्हा, काकू, बर्फातून येते, असं म्हणून तिने वेळ मारून नेली.

त्या खाटकाकडेच तिला तो वास पहिल्यांदा भेटला. लांबून ट्रकमध्ये आलेली एक गाभण शेळी उपाशी होती, कोपऱ्यात मान टाकून बसलेली. तिच्या तोंडाला जास्त पिकलेल्या फळासारखा गोड वास येत होता. शेळी संध्याकाळपर्यंत गेली. मला हे सांगताना संघमित्राने आपल्याच पदराचा वास घेऊन पाहिला होता.

गेल्या पर्युषणात मोहनबाईंनी अठ्ठाई धरली. आठ दिवस अन्न नाही, दिवसा फक्त उकळलेलं पाणी. वय झालेलं, शुगर असलेली, तरी मन घट्ट. शुगरची गोळी चुकवायची नाही असं डॉक्टरांनी पूर्वी कधीतरी बजावलं होतं. म्हणून पच्चक्खाण, म्हणजे उपवासाचं व्रत घेताना त्यांनी औषधाची सूट ठेवली आणि गोळी रोज घेत राहिल्या. गोळी नव्या तऱ्हेची, साखर लघवीवाटे बाहेर काढणारी. पितांबरला शुगर निघाली तेव्हा शेठने त्यालाही त्याच डॉक्टरांकडे नेलं होतं, त्यालाही तीच गोळी चालू होती. उपवासाचं मात्र डॉक्टरांना कुणी विचारलं नव्हतं.

तपस्व्याच्या घरी साता विचारायला जायची, प्रकृतीची चौकशी करायची त्यांच्यात रीत आहे. शनिवारी दुपारी पितांबर निघाला, संघमित्रा आलेलीच होती, मीही त्यांच्यासोबत गेलो. शेठचं घर वखारीला लागून आहे, मध्ये एक भिंत. दारात रांगोळी होती, वरघोड्याच्या मिरवणुकीसाठी आणलेली फुलांची तोरणं माळ्यावर टांगलेली. आतल्या खोलीत मोहनबाई गादीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे मिटलेले. श्वास लांब, खोल, एकसारखा चाललेला. सून रुची हळू आवाजात म्हणाली की सकाळपासून मम्मीजी ध्यानात आहेत. भेटायला आलेल्या दोन बायका तो श्वास ऐकून हात जोडून बसल्या होत्या. मीही हात जोडले.

संघमित्रा गादीजवळ वाकली आणि तशीच राहिली. मग तिने रुचीला विचारलं की काकूंना उलटी झाली का. झाली होती, दोनदा, पित्ताची. शुगर पाहिली का? रुचीने मीटर दाखवलं. आकडा चांगला होता, एरवीपेक्षाही चांगला. तपाचा प्रभाव, असं रुची म्हणाली आणि तिच्या तोंडावर खरंच समाधान होतं.

संघमित्रा बाहेर आली. हीरालाल शेठ ओसरीत झोपाळ्यावर बसले होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली आणि काकूंना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायला हवं, असं म्हणाली.

शेठ भल्या स्वभावाचे. पण बायकोचं तप पूर्ण होऊ घातलेलं, सुरतेपासून नातलग निघालेले. त्यांनी शांतपणे समजावलं की थकवा येतोच, शुगर बरोबर आहे, काळजीचं कारण नाही.

"शुगरवर जाऊ नका, शेठजी. ती गोळी साखर बाहेर काढते, म्हणून आकडा चांगला दिसतो. आत रक्त आंबट होतंय. हे ध्यान नाही. शरीर श्वासावाटे आम्ल फेकायला बघतंय. तोंडाचा वासही तोच आहे."

"वास?" शेठ जरा हसले. "बेटा, तू या वखारीत वाढलीस. इथल्या भिंतींना केळ्यांचा वास आहे. माझ्या अंगाला आहे, तुझ्या आबांच्या अंगाला आहे."

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. घरात शिरल्यापासून वास येतच होता आणि त्यात नवल ते काय? पितांबर मान खाली घालून उभा होता. मुलगी मालकासमोर एवढं बोलते आहे, याने तो ओशाळला असावा, असा माझा समज झाला. त्याने पायातली चप्पल सारखी केली. मग हळूच शेठना म्हणाला, "भाऊ, वखार ते बठ्ठी खाली शे."

सगळी वखार रिकामी होती.

पर्युषणात शेठ माल भरत नाहीत. आधीचा सगळा माल काढून, चेंबर धुऊन, आतली दारं उघडी टाकून पितांबरनेच वखारीला कुलूप घातलं होतं. भिंतीपलीकडे केळ्यांची एक फणीसुद्धा नव्हती. हे शेठना माहीत होतं, रुचीला माहीत होतं, त्या दोन बायकांनाही दारावरचं कुलूप दिसलं होतं. पण आमच्या नाकांनी वास घेतला आणि सवयीने वखारीच्या नावावर टाकून दिला.

शेठ उठले. आधी वखारीकडे गेले, कुलूप काढून आत शिरले. या माणसाला दाराबाहेरून वास घेऊन कुठल्या चेंबरचा माल कधी पिकून उतरेल ते सांगता येतं. ते बाहेर आले तेव्हा चेहरा उतरला होता. आत फिनाइलचा वास होता, आणखी काही नाही. मग ते बायकोच्या खोलीत गेले, तिच्या तोंडाजवळ झुकले आणि पुष्कळ वेळ तसेच राहिले. तो लांब श्वास चालूच होता. आता तो ऐकवत नव्हता.

"सलाइन लावतील. ग्लुकोज देतील. अठ्ठाई मोडली म्हणायची का?" रुचीने रडत विचारलं.

"औषधाची सूट घेतली आहे ना तिने," शेठ म्हणाले. "गाडी काढ."

मोहनबाईंना उचलताना त्यांनी डोळे उघडले आणि संघमित्राला विचारलं, "मित्रा, पेपर कसा गेला?" तिची परीक्षा होऊन कितीतरी वर्षं झाली होती.

दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरांनी रुचीला पहिला प्रश्न गोळीचाच विचारला. मोहनबाई आयसीयूमध्ये राहिल्या. मधे एका संध्याकाळी आम्हाला वाटलं की संपलं. वरघोडा निघाला नाही, तोरणं माळ्यावरच सुकली. पण त्या वाचल्या. पारणं दवाखान्यातच झालं, चमचाभर मुगाच्या पाण्यावर. ते संघमित्राच्या हातून घेईन, असं त्यांनीच सांगितलं.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहायला बसलो नसतो.

पितांबरची गोळी बदलून द्या, म्हणून संघमित्रा डॉक्टरांकडे गेली. त्यांनी नीट समजावलं की त्याच्या हृदयाला ती गोळी चांगली आहे. चालू ठेवावी, फक्त उपास घडला, ताप आला, उलट्या झाल्या तर लगेच थांबवून दाखवायला यावं. तिला ते पटलं, शास्त्र तेच सांगतं. पण पितांबर हा ट्रक लागला की दिवसदिवस जेवण विसरणारा माणूस. बरं नाही, असं तो कधी म्हणत नाही. आणि वखार आता पुन्हा भरली आहे. रोज संध्याकाळी तो तोच वास अंगावर घेऊन घरी येतो. उद्या त्या वासात दुसरा वास मिसळला तर कुणाला कळणार?

धुळ्याला निघताना ती मला सांगून जाते की नाना, वासावर जाऊ नका, श्वास बघा. मी बघतो. मला बघता येतं की नाही, याची खात्री नाही.

शनिवारी बसमधून उतरली की ती आधी बापाला आंघोळीला पाठवते. धुतलेला सदरा घालून तो ओट्यावर बसतो आणि ती त्याच्यासमोर वाकते. आपली मुलगी आपलं तोंड हुंगते, याची त्याला लाज वाटते. तो रस्त्याकडे बघत राहतो. परवा तिने बराच वेळ मान वर केली नाही. मग म्हणाली, "केसांचाच असेल."

तिने बंबात पुन्हा पाणी तापत टाकलं आणि त्याला दुसऱ्यांदा आंघोळीला पाठवलं.